वाळूकरांचा सातवा नियम

३ ऑगस्ट, रविवार

आरास वही, वर्ष अकरावं. पुण्याहून सिंगापूरला आलो त्या वर्षापासून दर गणपतीला या वहीत मापं, सामान आणि झालेल्या चुका लिहीत आलो आहे. मागच्या वर्षाचं पान कोरं आहे. जूनमध्ये उल्काचं झालं, त्यामुळे गणपती बसवायचा नव्हता. यंदा जूनमध्ये वर्षश्राद्ध उरकलं, आता बसवायला हरकत नाही.

हॉलचा कोपरा पुन्हा मोजला. रुंदी चार फूट, खोली अडीच. मूर्ती शाडूची, नऊ इंची, लिटल इंडियात नोंदवली आहे.

वहीत एरवी मी एवढंच लिहितो. यंदा बाकीचंही लिहितो आहे, कारण जेवणाच्या टेबलावर बोलायला कुणी नाही. मैत्रेयी असते, पण ती चौदा वर्षांची आहे आणि डोळे ताटात असतात. शुक्रवारी मात्र स्वतःहून बोलली. "बाबा, कॅन आय गो टु पुणे? आत्याकडे राहीन. तिकडेच शाळा."

मी विचारलं, इथे काय कमी आहे? म्हणाली, "नथिंग लाह." इथली मुलं बोलताना शेवटी हा 'लाह' जोडतातच. मग आम्ही इडल्या संपवल्या.

संजीवनीताईला फोन केला, तर तिला सगळं आधीच माहीत! म्हणाली, "निशी, तिकडच्या शाळेत एक जागा आहे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत धरून ठेवतील. तू चिडू नकोस, विचार कर." मी चिडलो नाही. पण मैत्रेयी गेली तर या चार खोल्यांत मी एकटा काय करणार? घर पहिल्यासारखं झालं की ती जायचं नाव काढणार नाही. पाच वर्षांची असल्यापासून आराशीचे कागद तीच कापायची. तेव्हा यंदाची आरास अशी झाली पाहिजे की पोरीने तोंडात बोट घातलं पाहिजे. हातात तीन आठवडे आहेत.

६ ऑगस्ट, बुधवार

विषय सुचत नाही. चौदाव्या मजल्यावरचा प्रबोध म्हणे केबल कार करतो आहे, मोटर लावून. आमच्या पुंगोलच्या मराठी ग्रुपवर आराशीची स्पर्धा असते आणि दोन वर्षं तोच पहिला येतो. लिफ्टमध्ये भेटला तर म्हणाला, "निशी, यंदा साधंच कर रे काहीतरी. कळतं सगळ्यांना." काय कळतं?

माझे कैलास, किल्ला, कमळ सगळं करून झालं आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

नॅशनल डे. डोक्यावरून विमानं गेली, खाली मुलं झेंडे घेऊन ओरडत होती. मैत्रेयी मैत्रिणीकडे गेली होती. मी जुने फोम बोर्ड काढायला बॉम्ब शेल्टर उघडलं. इथे प्रत्येक फ्लॅटला ही एक जाड भिंतींची, लोखंडी दाराची बिनखिडकीची खोली असते. लढाई झाली तर लपायला म्हणून बांधतात आणि आपण तिच्यात सुटकेसा आणि तांदळाच्या पिशव्या ठेवतो.

सगळ्यात खाली हॉस्पिटलची निळी बॅग होती. ती मी तिथे ठेवली नव्हती, म्हणजे मैत्रेयीनेच ठेवली असणार. चेन उघडली. मोजे, स्वेटर, कंगवा (मार्चनंतर उल्काला कंगव्याची गरज नव्हती, तरी तिने तो शेवटपर्यंत बरोबर ठेवला होता), आणि तळाशी तिच्या ओढणीत गुंडाळून, दोन गाठी मारलेली एक जाड वही.

अक्षर मैत्रेयीचं, भाषा बरीचशी इंग्रजी, मधे मधे मराठी. वाळवंटात राहणाऱ्या एका जमातीची सगळी माहिती आहे. जमातीचं नाव वाळूकर! मी एकटाच हसलो. ते काय खातात, उंटांना काय नावं देतात, वारा सुटला की कुठल्या कुशीवर झोपतात, सगळं पद्धतशीर. आणि त्या वाळवंटात कुठेतरी त्यांचं एक पवित्र शहर आहे, जे कुणालाच दिसत नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही. वाळूकर फक्त "तिकडे" म्हणतात. आजी कुठे आहे? तिकडे.

दोन-चार ठिकाणी उल्काचंही अक्षर आहे. मुलीला मदत केली असेल, शाळेच्या प्रोजेक्टला नेहमीच करायची. शाळा सुटली की मैत्रेयी हॉस्पिटलला जाऊन बसायची, तेव्हा वेळ घालवायला हे केलं असणार आणि शेवटच्या गडबडीत वही बॅगेत राहून गेली. बरं झालं मला सापडली, नाहीतर एवढं काम वाया गेलं असतं.

विषय मिळाला.

१० ऑगस्ट, रविवार

वही पूर्ण वाचली. पोरीची कल्पनाशक्ती अफाट आहे. मी बँकेत एवढी वर्षं सॉफ्टवेअरचे प्रकल्प चालवतो, पण इतकं तपशीलवार टिपण मला कुणी कधी दिलं नाही.

शहराभोवती पांढरा तट. आत सहा विहिरी, तीन-तीन समोरासमोर, आणि गंमत म्हणजे त्या उलट्या आहेत. पाणी खालून काढायचं नाही, ते उंचावर टांगलेल्या भोपळ्यातून थेंबथेंब खाली येतं. घरांना भिंती नाहीत, नुसते निळे पडदे. तिथे राहणारे सगळे डोकी भादरतात आणि रंगीत फेटे बांधतात. सकाळी चाकांचा उंट फिरतो, त्याच्या पाठीवर गरम पेयांची भांडी. एका टोकाला मोठी खिडकी आणि खिडकीत दोन पावसाची झाडं. त्या खिडकीजवळच्या विहिरीपाशी वेस राखणारी बाई बसते.

नियम आठ आहेत. पहिला : तिकडे कुणी कुणाला नाव आणि जन्मतारीख विचारत नाही. दुसरा : तिकडे भीती वाटते असं म्हणायला परवानगी आहे. तिसरा : तिकडे रडायला बाहेर जावं लागत नाही. असेच पुढचे. सातवा जरा मोठा आहे : तिकडच्या माणसाला बाहेरच्या कुणी नावाने हाक मारली, तर त्याला वेस ओलांडून वाळूत निघून जावं लागतं आणि मग त्याला ते शहर परत सापडत नाही. त्याच्यासाठी दाराबाहेर रोज प्यायचं पाणी ठेवावं, तेवढंच करता येतं. आठवा : शहराचं चित्र काढायचं नाही.

चित्र काढायचं नाही म्हणजे काम वाढलं, सगळं वर्णनावरून करावं लागणार. मी चित्र काढत नाहीये, प्रतिकृती करतोय, त्यामुळे नियम मोडत नाही.

वाचताना उल्काची फार आठवण आली. ते वर्ष आम्ही ज्या पद्धतीने काढलं, त्याचा मला अभिमान आहे. पहिल्याच दिवशी मी घरात सांगून टाकलं होतं की या घरात निगेटिव्ह बोलायचं नाही. बरं वाटल्यावर कुठे जायचं, कुठला सोफा घ्यायचा, एवढंच बोलायचं. आणि दोघींनी ते शेवटपर्यंत पाळलं. मी संध्याकाळी ऑफिसातून तासभर जायचो, तेव्हा दोघी हसतमुख असायच्या.

१६ ऑगस्ट, शनिवार

मैत्रेयी शनिवारी सकाळी ट्यूशन आणि मग बॅडमिंटन, म्हणजे नऊ ते दोन मोकळे. सगळं काम बॉम्ब शेल्टरमध्येच. तिला सांगितलं आहे की आत सामान रचून ठेवलंय, अंगावर पडेल, उघडू नकोस.

तट : पाच मिलिमीटरचा फोम बोर्ड, दोन थर. भोपळे : पिंग-पाँगचे चेंडू, अर्धे कापून. थेंबांसाठी मासे पकडायची दोरी आणि तिच्यावर पारदर्शक मणी, मुस्तफाच्या दुकानातून आणले. निळे पडदे उल्काच्या एका जुन्या ओढणीचे. तीच, जिच्यात वही होती. रंग नेमका तोच हवा होता.

वाळूसाठी तीन प्रयोग केले. हस्तकलेच्या दुकानातली वाळू फार चकाकते. लाकडाचा भुसा हलका पडतो. शेवटी जाड रवा कोरडाच भाजला, बोर्डावर फेविकॉल फासला आणि वरून पेरला. हुबेहूब! घरभर शिऱ्याचा वास सुटला होता, मैत्रेयीने आल्याआल्या विचारलं, "शिरा?" तिच्या तोंडावर काय होतं कोण जाणे, मला बघवलं नाही. संध्याकाळी खरंच शिरा केला. अर्धी वाटी खाल्ली तिने.

१७ ऑगस्ट, रविवार

चाकांचा उंट जमला. फेटेवाले रहिवासी सहा, मातीचे. वेस राखणारी बाई तीनदा केली, चेहरा जमत नाही. शेवटी पाठमोरी बसवली.

एक अडचण. वेस राखणारी कोण, हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही. एवढं सगळं लिहिणारी पोर मुख्य पात्राचं नाव विसरली. शहरालाही नाव नाही. स्पर्धेला नाव लागतंच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज जेवताना मैत्रेयी म्हणाली, "बाबा, तू शेल्टरमध्ये काय करतो? यू ऑल्वेज गॉट रवा ऑन युवर शर्ट." मी म्हटलं, कळेल. ती किंचित हसली. वर्षभरात पहिल्यांदा, मी पैजेवर सांगतो. मग म्हणाली, "दॅट बॅग आहे ना आत? ब्लू वन. ती नको हलवू हां."

मी बरं म्हटलं. बॅग मी जागेवरच ठेवली आहे, फक्त रिकामी.

संजीवनीताईचा फोन येऊन गेला. तिला सांगितलं, घाई करू नको, तिचा विचार बदलतो आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

नाव सुचलं. इतकं सरळ होतं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल. उल्कानगरी. वेशीच्या कमानीवर पाटी, मागून एलईडीची पिवळी पट्टी. खाली बारीक अक्षरात "कै. उल्का यांच्या स्मरणार्थ". मुलीची कल्पना, आईचं नाव आणि बापाची मेहनत. डोळे भरून आले, ग्लू गनने बोट भाजून घेतलं.

पाहुण्यांना समजावं म्हणून शेजारी एक माहितीफलक छापला : वाळूकर कोण, शहर कसं, नियम कोणते. ए-थ्री कागदावर सहाच नियम नीट बसले. सातवा आणि आठवा जागेअभावी वगळले.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

रजा घेतली. मैत्रेयी सव्वासहाला शाळेत गेल्यावर शहराचे चार भाग हॉलमध्ये आणून जोडले. नऊला फोनवरच्या गुरुजींच्या आवाजावर प्रतिष्ठापना केली. मूर्ती शहराच्या मधोमध, विहिरींच्या दोन रांगांमध्ये. दिवे लावले आणि फोटो ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत छत्तीस अंगठे. प्रबोधने लिहिलं, "हरलो."

तीनला मैत्रेयी आली. बूट काढले आणि दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उभी राहिली. मी दिवे एकदा बंद करून पुन्हा लावले.

"वही कुठे मिळाली?"

"बॅगेत. तू विसरली होतीस."

"यू ओपन्ड द बॅग." मग ती पुढे गेली आणि कमानीवरची पाटी वाचली. "यू पुट हर नेम."

"मग? तिच्या आठवणीसाठी. बरोबर वेशीवर आहे बघ."

"पीपल ऑलरेडी सॉ?"

"छत्तीस लाइक!"

"ओके," म्हणाली. "नाइस, बाबा." आणि हात धुवायला गेली. खूप वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मला काय वाटलं ते लिहूनच ठेवतो : खूप दिवसांनी माझ्यामुळे तिला काहीतरी आतून वाटलं. आरतीला आली, टाळ हातात घेतला, पण वाजवला नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी अकरा घरं येऊन गेली. सगळ्यांना मी वाळूकरांची पूर्ण माहिती देतो. मैत्रेयीला म्हटलं, तू सांग, तुझंच आहे. म्हणाली, "यू टेल लाह. यू नो बेटर."

बॉम्ब शेल्टरच्या दाराशी जमिनीवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला होता. कुणाच्या तरी पायाने सांडला असता. बेसिनमध्ये ओतला, विसळून जागेवर ठेवला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा पेला. पाहुण्यांच्या मुलांचे उद्योग असणार. ओतला.

मैत्रेयीच्या दप्तरात पुण्याच्या शाळेचा फॉर्म दिसला. भरलेला आहे, फक्त माझी सही बाकी.

३० ऑगस्ट, शनिवार

हे सगळं नीट लिहायचं आहे, कारण मला ते अजून नीट झेपलेलं नाही.

सकाळी शेल्टरच्या दारापाशी पेला होताच. मी वैतागून ओतला. अकराला ग्रुपवर निकाल आला : पहिलं बक्षीस उल्कानगरी. साडेअकराला सुनेत्रा आली. उल्काची मैत्रीण, क्वीन्सटाउनला राहते, मी ऑफिसात असताना दुपारी हॉस्पिटलमध्ये तीच जाऊन बसायची. मोदकांचा डबा तिच्या हातातच राहिला. आराशीकडे बघत होती, गणपतीकडे नाही.

"निशिकांत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी वाळूकर सुरू केले. तिने मला मधेच थांबवलं.

"हा वॉर्ड आहे."

"कसला वॉर्ड?"

"उल्काचा. तीन खाटा इकडे, तीन तिकडे. निळे पडदे. हे सलाइन लटकतंय. ही चहाची गाडी." तिने बोट लावलं तो चाकांचा उंट होता. "ती खिडकी, तीच दोन झाडं. आणि खिडकीजवळ उल्का. पाठमोरी बसवलीत तुम्ही."

मी वर्षभर त्या वॉर्डात जात होतो. रोज तासभर. पण मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो आणि हातात फोन असायचा. सलाइनकडे बघायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं, कारण ते निगेटिव्ह वाटायचं.

सुनेत्रा खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही यायच्या वेळेला दोघी वही उशीखाली सारायच्या. मी एकदा विचारलं उल्काला, हे काय चाललंय? तर म्हणाली, मैत्रेयी विचारते की आई तू कुठे जाणार. निशिकांतने घरात हा विषय बंद केलाय. म्हणून आम्ही दोघींनी जागा तयार केली. मी तिकडे असेन, एवढं तिला माहीत असलं की पुरे."

मी मोदकांचा डबा तिच्या हातातून घेतला आणि उगाचच फ्रिजमध्ये ठेवला.

ती गेल्यावर वही काढली. सातवा नियम. इंग्रजीत मैत्रेयीने लिहिलेला आणि खाली उल्काच्या अक्षरात मन्याला, म्हणजे मैत्रेयीला, लिहिलेली एक ओळ, मी प्रकल्पाचं कागदपत्र वाचल्यासारखी वाचून पुढे गेलो होतो ती : "म्हणून मला तिथे उल्का म्हणायचं नाही हं, मन्या. नुसतं तिकडे म्हणायचं. म्हणजे मी कुठे जाणार नाही."

वेशीवर मी तिचं नाव लिहिलं आहे. पिवळ्या दिव्यात. छत्तीस लोकांना दाखवलं आहे.

आणि पेला. दाराबाहेर रोज प्यायचं पाणी ठेवावं, तेवढंच करता येतं. वही ज्या दाराआड होती, त्या दाराबाहेर. गुरुवारी, शुक्रवारी आणि आज सकाळी, तीन पेले मी माझ्या हाताने बेसिनमध्ये ओतले. मैत्रेयीने रोज पाहिलं असेल की पेला रिकामा होऊन मांडणीत गेला आहे. तिने काय समजायचं? पाणी आईने प्यायलं असं समजायला ती लहान नाही. बाबा ओततो आहे, हे तिला माहीत होतं. आणि तरी ती दुसऱ्या दिवशी भरत होती.

३१ ऑगस्ट, रविवार, विसर्जन

पाच दिवस पुरे झाले. दुपारी चारला आरती केली, दोघांनीच. स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायच्या जागेत बादली ठेवली, मूर्ती मी सोडली. शाडू विरघळायला वेळ लागतो. आम्ही दोघं स्टुलांवर बसलो होतो.

मी म्हटलं, "मैत्रेयी, मी तिला नावाने बोलावलं. मला माहीत नव्हतं ती तिकडे आहे."

"यू रेड द रूल्स. यू टाइप्ड देम."

"सातवा जागेत बसत नव्हता."

"या. यू लेफ्ट आउट द मेन वन." रागाने म्हणाली नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

गणपतीची सोंड पाण्यात मऊ पडली. मी जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. त्या दिवशीसुद्धा मी तिला "आई आता आराम करते आहे" असं म्हटलं होतं आणि वर्षश्राद्धाला "आईचा कार्यक्रम" म्हटलं होतं.

"आई मेली, मैत्रेयी."

"आय नो, बाबा. मी होते तिथे. तू बाहेर होतास, ऑन कॉल."

अकरा मिनिटांचा कॉल होता. कशाबद्दल होता तेही मला आता आठवत नाही.

"शेवटी काय म्हणाली ती?"

"म्हणाली, शी वॉज स्केअर्ड. आणि म्हणाली, बाबाला नको सांगू. तो पॉझिटिव्ह पॉझिटिव्ह सुरू करेल."

मला रडू आलं. तिच्यासमोर पहिल्यांदाच. ती उठली नाही, जवळही आली नाही, पण आत निघूनही गेली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी पुण्याला जाते, बाबा. आत्या रडते ना, तर मलाही रडता येतं. इथे आय हॅव टु बी ओके द होल डे. आय ॲम व्हेरी टायर्ड."

मी विचारलं, आता मी रडलो तरीही? तिने खांदे उडवले. "इट्स लेट लाह," असं काहीतरी म्हणाली आणि मूर्तीवर हाताने पाणी घातलं.

१ सप्टेंबर, सोमवार

ग्रुपवर कळवलं की बक्षीस नको. प्रबोध वर आला, दारातच उभा राहिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेला.

शहर दोघांनी मिळून सोडवलं. मैत्रेयीने पाटी काढून माझ्या हातात दिली. वेस राखणारी बाई तिने फेविकॉलमधून अलगद उचलली, उलटून पाहिली. चेहरा नव्हताच. "गुड," म्हणाली. ओढणीचे पडदे सोडवून तिने एकमेकांना टाके घातले. वही पुन्हा त्याच कापडात बांधली, दोन गाठी मारल्या, निळ्या बॅगेत ठेवली आणि शेल्टरचं लोखंडी दार स्वतः ओढून लावलं. मी विचारलं, आता ती परत येईल का तिकडे? म्हणाली, "नो. दॅट्स द रूल."

हॉलमधून रवा अजून निघतोच आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

फॉर्मवर सही केली. संजीवनीताईला फोन करून सांगितलं, जागा पक्की कर, इथलं वर्ष संपलं की डिसेंबरमध्ये आणून सोडतो. ती रडली. मी फोन ठेवला नाही, ऐकत बसलो.

दरवर्षी वहीचं शेवटचं पान "पुढच्या वर्षीसाठी" असतं. कुठला गोंद टिकला, काय चुकलं, काय आधी आणायचं. यंदा मथळा लिहिला आणि खाली काही सुचलं नाही. पुढच्या वर्षी आरास कुणासाठी करायची?

आज मैत्रेयी शाळेत गेल्यावर मीच पेला काढला, घासला, काठोकाठ भरला आणि शेल्टरच्या दाराशी ठेवला. मग घरातून काम करत असताना चार वेळा उठून बघून आलो. काय बघायचं होतं ते मलाच माहीत नाही.

तीनला ती आली. बूट काढताना तिला पेला दिसला. माझ्याकडे पाहिलं. मग वाकून उचलला, बेसिनपाशी गेली आणि अर्धा ओतून टाकला.

"काय झालं? चुकलं का?"

"फुल नको, बाबा," ती म्हणाली आणि उरलेला अर्धा पेला परत दाराशी नेऊन ठेवला. "शेवटी डॉक्टरने तिला एका वेळी अर्धाच अलाउ केला होता. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. उद्यापासून अर्धा भरायचा.